झाकण

विनिपेगच्या उत्तरेला, रेल्वे यार्डापलीकडे,
गोठवलेल्या मासळीच्या गोदामावर
सपाट छप्पर. दोन फुटबॉलची मैदानं मावतील एवढं,
आणि त्यावर सहा माणसं,
बर्फ पडायच्या आत संपवायचंय म्हणून.

मारिवेलचा तिसरा आठवडा.
पांढऱ्या पडद्याची एक कड दुसरीवर चार बोटं चढवायची,
मध्ये गरम हवेची बंदूक, मागोमाग रोलर.
फार तापली तर कड करपते, तपकिरी होते.
कमी तापली तर चिकटल्याचं नुसतं सोंग घेते.
सोंग वाईट, ओरेस्त म्हणतो.
करपलेलं दिसतं तरी.

तो मागून येतो गुडघ्यांवर,
हातात दाभणासारखी वाकडी सळई, टोक घासून बोथट केलेली,
आणि सांध्यावरून ती ओढत नेतो, वीतभरही न सोडता.
टोक कुठं आत शिरलं की खडूनं एक गोल.
बोलत नाही. गोल पुरतो.
पहिल्या दिवशी तिच्या वाट्याला एकतीस आले,
काल चार.

आभाळ फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं, हे
आभाळाचं झालं.
छपराला ठिगळाची जागा नेमकी दाखवता येते,
माणूस वाकायला हवा.

छपराच्या मधोमध जुना पंखा होता, तो काढलाय.
तिथं आता चार बाय चारचं भोक,
खाली तीस फुटांवर काँक्रीट, पिकरेलच्या पेट्या,
जाड जाकिटातल्या दोन बाया मासे मोजताहेत,
वर बघत नाहीत.
भोकावर प्लायवूड. प्लायवूडला अठरा स्क्रू.

गोदामाचा मॅनेजर शिडीवरून डोकं काढून म्हणाला,
दोन दिवसांचं तर झाकण,
दोन विटा ठेवा की.
ओरेस्तनं खिशातून एकोणिसावा काढला.

जेवणाच्या सुट्टीत गुरजंट सांगतो,
थर्मासचं बूच फिरवत, आवाज खाली:
वासिल म्हणून होता एक, ब्रँडनला, दुसऱ्या कंपनीत.
संध्याकाळची आवराआवर.
छपरावर फळी पडलेली दिसली, चांगली, कोरी,
वाया कशाला घालवायची?
दोन्ही हातांनी उचलली, समोर उभी धरली.

आणि फळी अशी उभी धरली
की पलीकडचं दिसत नाही.
लग्नात अंतरपाट धरतात ना, तशी:
अलीकडं माणूस, पलीकडं भोक,
आणि मंगलाष्टकं म्हणायला कुणी नाही.
एकच पाऊल.

पट्ट्याला दोर होता त्याच्या.
नवा. गुंडाळलेला.

ओरेस्त होता तिथं? मारिवेल विचारते.
गुरजंट बूच घट्ट करतो, पुन्हा सैल करतो.
फळी त्यानंच ठेवली होती.
स्क्रू संपले होते.
सकाळी लावू म्हणाला.

दुपारी ओरेस्त लाल रंगाचा डबा घेऊन येतो.
प्लायवूडवर आधी इंग्रजीत लिहितो, होल,
मग आपल्या भाषेत, दिरा.
ब्रश गुरजंटकडे. तो लिहितो, मोरी.
ब्रश तिच्याकडे.
बुतास, ती लिहिते, टगालोगमध्ये,
तिच्या आईनं तळव्याएवढी अक्षरं काढायला शिकवलं होतं तसं,
फक्त आता फूटभर उंच.
चार भाषा, एकच जागा.
रंग ओघळतो जरा. ओरेस्त पुसत नाही.

पाच वाजता आभाळ पश्चिमेकडून शिशाचं होतं.
उरलेत सात मीटर, मॅनेजर खालून ओरडतो, उरका.
मारिवेल दोराचा आकडा लावलाय का ते हातानं बघते,
लावलाय हे माहीत असून बघते,
मग गुडघ्यांवर बसते,
आणि ओरेस्त यायच्या आधी
त्याची सळई उचलून स्वतःच्या सांध्यावरून ओढते.

दुसऱ्या मीटरपाशी टोक आत जातं.
बोटभरही नाही, नखाएवढं.
वरून बघणाऱ्याला दिसलं नसतं,
पावसाला दिसलं असतं.
खडू मागायला ती मान वळवते.
तो आधीच हात पुढं करून उभा आहे.

गोल ती काढते. जरा वाकडा आलाय.

मागं वारा प्लायवूडच्या कडेखाली बोटं घालून बघतो,
एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या.